पहिली इंटर्नशिप आणि आत्मविश्वासाचा प्रश्न

डिसेंबर-जानेवारीत आणि पुन्हा जूनच्या सुमारास नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींमध्ये नवे चेहरे दिसू लागतात. सकाळच्या पाळीच्या वेळी गरवारे पॉइंटला किंवा पपया नर्सरीजवळ सिटीलिंकच्या बसमधून उतरणारी, हातात कॉलेजचे पत्र आणि पायात नवेकोरे सेफ्टी शूज असलेली ही मुले-मुली बहुतेक वेळा वेळेच्या बरीच आधी पोहोचतात आणि सुरक्षारक्षक आत बोलावेपर्यंत गेटबाहेर अंग चोरून उभी राहतात. मी अंबडमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते आणि आमच्याकडे येणाऱ्या इंटर्नना पहिले काही आठवडे सोबत करण्याची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. कधीकाळी मीही अशीच, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना, बागलाण तालुक्यातून येऊन एका कारखान्याच्या दारात उभी राहिले होते. त्यामुळे या विषयाबद्दल मला मनापासून वाटते आणि आज त्याबद्दल सविस्तर लिहावे असे ठरवले आहे.

घरून निघताना या मुलांना एकच गोष्ट सांगितलेली असते. "घाबरू नकोस, कॉन्फिडन्स ठेव." आई-वडील सांगतात, प्लेसमेंटचे सर सांगतात, आदल्या वर्षी जाऊन आलेले मित्रही सांगतात. हा सल्ला प्रेमापोटीच दिलेला असतो, पण आत्मविश्वास आधी आणि काम नंतर असा क्रम त्यात गृहीत धरलेला असतो. ज्या ठिकाणी आपण यापूर्वी कधी पाऊलही ठेवलेले नाही, जिथली यंत्रे, माणसे आणि शब्द हे सगळेच अनोळखी आहे, तिथे पहिल्याच दिवशी आत्मविश्वास आणायचा कुठून? मग मुले तो दाखवू लागतात. न समजलेल्या गोष्टीलाही मान डोलावतात, "हो सर, समजले" म्हणतात, आणि हे "समजले" मनात साचत गेले की आठवडाभरात ती आतून अधिकच घाबरलेली असतात. मी पाहिले ते असे की आपल्याला नेमके काय ठाऊक आहे, ते कशावरून ठाऊक आहे आणि ते कुठे संपते, एवढे ज्याला सांगता येते त्याचा आवाज आपोआप स्थिर होतो. इंटर्नशिपमध्ये मिळवायचा आत्मविश्वास हाच आहे, असे माझे ठाम मत आहे.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये स्वतःच्या कार्यक्षमतेवरील विश्वासाविषयी जी मांडणी केली, ती मला या संदर्भात फार उपयोगी वाटते. असा विश्वास चार वाटांनी येतो असे त्याने म्हटले होते : स्वतः पार पाडलेल्या कामातून, आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला ते काम करताना पाहण्यातून, इतरांनी दिलेल्या धीरातून आणि त्या वेळच्या शरीराच्या व मनाच्या अवस्थेतून. यात पहिल्या वाटेचा प्रभाव सर्वांत मोठा असतो, असे त्याचे प्रतिपादन होते. आपल्याकडे मात्र बहुतेक भर तिसऱ्या वाटेवर, म्हणजे धीर देण्यावर असतो. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की हा विश्वास विशिष्ट कामापुरता असतो. गणेशोत्सवात ढोल पथकात शेकडो लोकांसमोर न डगमगता ताल धरणारा मुलगा आमच्या लाइनवर सुपरवायझरसमोर शब्दही बोलू शकत नाही, हे मी पाहिले आहे. त्या मुलात आत्मविश्वास नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण ढोलाबाबत तो त्याच्याकडे भरपूर आहे आणि मायक्रोमीटर या बारीक मापे घेण्याच्या उपकरणाबाबत तो अजून तयार व्हायचा आहे, इतकाच त्याचा अर्थ आहे.

म्हणून पहिल्या आठवड्यात मी इंटर्नला एकच छोटे, पण पूर्ण काम देते. साधारणपणे एका जॉबचे, म्हणजे यंत्रावर बनणाऱ्या भागाचे, एकच माप. समजा, ४० मिलिमीटर व्यासाचा एक शाफ्ट आहे आणि ड्रॉइंगवर त्याला ४० एच-सहा असे टॉलरन्स (मापात चालणारी मुभा) दिलेले आहे, म्हणजे व्यास ४० पेक्षा मोठा चालणार नाही आणि लहान झाला तर जास्तीत जास्त १६ मायक्रॉनपर्यंतच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालेल. मायक्रोमीटरचे शून्य तपासायचे, जॉब पुसून घ्यायचा, हाताने न आवळता रॅचेटनेच (ठरावीक दाबाला घसरणाऱ्या मुठीने) घट्ट करायचे, तीन ठिकाणी आणि आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी माप घ्यायचे आणि वहीत लिहायचे. असे दहा जॉब मोजायचे. मग दुसऱ्या दिवशी, आधीची पाने न उघडता, तेच दहा जॉब पुन्हा मोजायचे आणि दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे. मापनपद्धतीच्या तपासणीत कारखाने जे मोठ्या प्रमाणावर आणि ठरावीक पद्धतीने करतात, त्याचाच हा प्राथमिक भाग आहे. यातून इंटर्नच्या हाती एक आकडा येतो. "माझ्या हाताने घेतलेल्या मापात साधारण इतक्या मायक्रॉनचा फरक पडतो," असे त्याला सांगता येते. सुरुवातीला तो फरक मोठा असतो, सरावाने तो कमी होत जातो, आणि कमी होताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. "तू करू शकतोस" या शाब्दिक आश्वासनापेक्षा वहीतल्या या दोन रकान्यांचे वजन कितीतरी जास्त असते, कारण त्यात कोणाच्याही चांगुलपणावर विसंबावे लागत नाही.

गेल्या एका हंगामात कळवण भागातून आलेली एक विद्यार्थिनी आमच्याकडे होती. फार हळू आवाजात बोलणारी आणि विचारल्याशिवाय न बोलणारी. एके दिवशी तिने तपासणी कक्षात घेतलेले माप आणि लाइनवरच्या एका अनुभवी ऑपरेटरने घेतलेले माप यांत आठ-नऊ मायक्रॉनचा फरक आला. मुभाच एकूण सोळा मायक्रॉनची असल्याने हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. समोर वीस-पंचवीस वर्षे यंत्रावर काढलेला माणूस आणि इकडे डिप्लोमाची मुलगी, म्हणजे कोणाचा आकडा मागे घेतला जाणार हे उघडच होते. तीही तो मागे घेण्याच्या बेतात होती. मी तिला फक्त एवढेच विचारले, "तू माप कसे आणि केव्हा घेतलेस, ते सांग." तिने वही उघडून सांगितले : शून्य तपासले होते, जॉब पुसला होता आणि तपासणी कक्षात आणून बराच वेळ ठेवल्यावर मोजला होता. ऑपरेटरकाकांनी तो यंत्रावरून उतरवल्या उतरवल्या, हाताला गरम लागत असतानाच मोजला होता.

उत्तर तिथेच सापडले. ड्रॉइंगवरची मापे २० अंश सेल्सिअस तापमानाला लागू असतात, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. पोलाद प्रत्येक अंशाला, प्रत्येक मीटर लांबीमागे, सुमारे साडेअकरा मायक्रॉन प्रसरण पावते. चाळीस मिलिमीटरचा जॉब कक्षातल्यापेक्षा वीस अंशांनी गरम असेल, तर त्याचा व्यास सुमारे नऊ मायक्रॉनने मोठा दिसणार. हा हिशेब तिने स्वतः कागदावर केला. काकांचे वाचन त्या क्षणी बरोबर होते आणि तिचेही बरोबर होते, पण ड्रॉइंगशी जुळवून पाहण्यासाठी तिचे वाचन धरायला हवे होते. काकांनी तो कागद हातात घेऊन नीट पाहिला आणि शेजारच्या सेटरला, म्हणजे यंत्राची जुळणी करणाऱ्याला, बोलावून तिलाच पुन्हा समजावून सांगायला लावले. त्यांचा हा मोठेपणा मी विसरणार नाही. त्यानंतर ती मुलगी मोठ्याने बोलू लागली असे झाले नाही. ती आजही हळूच बोलते. पण "मला वाटते" या शब्दांऐवजी "मी असे मोजले, म्हणून" असे तिचे वाक्य सुरू होऊ लागले आणि लोक थांबून ऐकू लागले.

हे केवळ यंत्रांच्या कामाला लागू आहे असे समजू नये. माझ्या मामेभावाने एका लेखापालांच्या कार्यालयात इंटर्नशिप केली, तिथे त्याच्या वाट्याला बँकेचे पासबुक आणि खातेवही यांचा मेळ घालण्याचे काम आले. शेवटच्या रुपयापर्यंत मेळ बसवून, न जुळणाऱ्या प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहून त्याने तो कागद पुढे केला, तेव्हा त्याला कोणासमोर छाती काढण्याची गरज उरली नव्हती. जानेवारी ते मार्च या द्राक्षांच्या हंगामात वायनऱ्यांमध्ये शिकायला जाणारी मुले रिफ्रॅक्टोमीटरवर रसातील साखरेचे, म्हणजे ब्रिक्सचे, माप घेतात. तिथेही घडाच्या कोणत्या भागातले मणी घेतले आणि बागेच्या कोणत्या ओळीतले घेतले, हे ज्याला सांगता येते त्याच्याच आकड्याला अर्थ असतो.

आता भीतीच्या दुसऱ्या बाजूकडे येते. सगळे आपल्याकडेच पाहत आहेत, ही भावना पहिल्या दिवसांत फार छळते. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये ताट घेऊन कुठे बसावे, इथपासून तिची सुरुवात होते. अमेरिकेत टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना अवघडल्यासारखे वाटेल असे चित्र छापलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले होते. खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांच्या ते लक्षात आले असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात पाव लोकांच्याही ते लक्षात आले नव्हते. कारखान्यात तर लोकांचे डोळे उत्पादनाच्या फलकावर आणि घड्याळावर असतात. तुमच्या नव्या बुटांकडे, तुटक इंग्रजीकडे किंवा कँटीनमधल्या एकटेपणाकडे पाहायला तिथे फारसा कोणाला वेळ नसतो. हे वाचून भीती लगेच जाईल असे नाही, परंतु ती खरी माहिती देत नाही एवढे तरी ध्यानात राहील.

प्रश्न विचारण्याविषयी मात्र मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण इंटर्नशिपचा बराचसा भाग प्रश्न विचारण्यावर तरतो किंवा बुडतो. प्रश्न विचारला तर आपण मठ्ठ ठरू, ही समजूत शाळेपासून आपल्या मनात घट्ट बसलेली असते. वास्तविक पाहता, २०१५ मध्ये अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स, फ्रान्चेस्का जिनो आणि मॉरिस श्वाइट्झर यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की सल्ला मागणारी व्यक्ती सल्ला देणाऱ्याला अधिक सक्षम वाटते. याला एक अट होती, आणि तीच आपल्या कामाची आहे. काम खरोखर अवघड असेल तेव्हाच हे घडते. सोप्या कामाबद्दल विचारले तर तसा फायदा होत नाही. अर्थात, जे फलकावर लिहिलेले आहे, जे ड्रॉइंगवर ठळक छापलेले आहे किंवा जे काल सांगून झालेले आणि आपण वहीत लिहून घेतलेले आहे, ते आधी आपणच पाहावे. त्यानंतरही जे अडते, तोच प्रश्न घेऊन जावा.

प्रश्न कसा विचारायचा हेही शिकण्यासारखे आहे. "सर, हे समजले नाही," या वाक्यातून समोरच्याला सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, आणि घाईत असलेला माणूस मग सगळेच पुन्हा पहिल्यापासून सांगतो किंवा "नंतर ये" म्हणतो. त्याऐवजी, "सर, ड्रॉइंगवर या छिद्राची खोली इतकी दिली आहे, पण प्रोसेस शीटवर थोडी कमी लिहिली आहे. पुढच्या ऑपरेशनमध्ये ती वाढणार आहे म्हणून असे आहे का?" असे विचारले, तर तुम्ही काय पाहिले, कुठे अडलात आणि तुमचा अंदाज काय आहे, हे सगळे त्यात येते. अंदाज चुकीचा निघाला तरी बिघडत नाही. त्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस तुमच्याशी सहकाऱ्यासारखा बोलू लागतो. वेळेचेही भान हवे. सेटर नवी सेटिंग लावत असताना किंवा पाळी बदलण्याच्या दहा मिनिटांत मध्येच प्रश्न टाकू नये. चहाच्या वेळी तोच माणूस मोकळेपणाने अर्धा तास बोलतो.

आणि प्रश्न कोणाला विचारायचा, तर माझ्या मते सर्वांत आधी ऑपरेटरला. कॉलेजमधून येणारी मुले इंजिनिअर आणि मॅनेजर यांच्याकडे पाहतात, आणि ज्याच्या हाताखालून रोज शेकडो जॉब जातात त्या माणसाच्या शेजारून निघून जातात. इन्सर्ट, म्हणजे यंत्रातले कापणारे पाते, झिजला की कापण्याचा आवाज बदलतो, चिपचा, म्हणजे कापून निघणाऱ्या धातूच्या किसाचा, रंग आणि वळण बदलते, हे आमच्याकडच्या ऑपरेटरदादांना अंकांच्या आधी कळते. त्यांच्याशेजारी शांतपणे उभे राहून, "काका, तुम्ही आत्ता मशीन का थांबवले?" असा एक प्रश्न आदराने विचारला, तर पुस्तकात न सापडणारे उत्तर मिळते. मुलींना इथे एक वेगळे अवघडलेपण असते. पहिल्या दिवसापासून सगळे त्यांना "मॅडम" म्हणतात आणि त्या शब्दामुळे अंतर पडते. मी आमच्याकडे येणाऱ्या मुलींना सांगते की त्यांना मॅडम म्हणू द्या, तुम्ही त्यांना दादा किंवा काका म्हणा आणि त्यांच्याकडून एक गोष्ट शिकून घ्या. शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्यामध्ये अंतर फार काळ टिकत नाही.

भाषेचा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे. नाशिक जिल्ह्यातून येणारी सगळी मुले प्रमाण मराठी बोलत वाढलेली नसतात. सटाणा, मालेगाव, देवळा या भागातल्या अनेकांच्या घरी अहिराणी बोलली जाते, पेठ-सुरगाण्याकडची कितीतरी मुले घरी कोकणा बोली बोलतात. ती शहरात येतात तेव्हा त्यांना एक पायरी चढून मराठीत यावे लागते आणि मग आणखी एक पायरी चढून इंग्रजीत. लाइनवर हिंदीही लागते, कारण उत्तर भारतातून आलेले बरेच कामगार आहेत. या सगळ्यात ज्ञान असूनही शब्द सापडत नाहीत आणि शब्द सापडत नाहीत म्हणून ज्ञानच नाही असे समोरच्याला, आणि हळूहळू स्वतःलाही, वाटू लागते. हा अन्याय आहे असे मी स्पष्टपणे म्हणेन. माझ्या घरी आजही अहिराणीच बोलली जाते आणि त्याने माझ्या मायक्रोमीटरच्या वाचनात काहीही फरक पडलेला नाही.

तरीही कारखान्यातल्या कागदपत्रांचे इंग्रजी टाळता येत नाही, आणि ते टाळू नये असेच मी सांगते. त्यातली दिलाशाची गोष्ट ही की हे इंग्रजी फार मर्यादित असते. ड्रॉइंग, प्रोसेस शीट, तपासणी अहवाल आणि दोषांची नावे यांत तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. वहीच्या मागच्या पानांवर दररोज भेटलेले नवे शब्द, प्रत्यक्ष जॉबचे छोटे चित्र काढून, लिहीत गेले तर महिन्याभरात बहुतेक कागद वाचता येऊ लागतात. बर, डेंट, चॅटर मार्क, ओव्हरसाइज ही दोषांची नावे पाठ करावी लागत नाहीत, कारण त्यांच्यामागे हातात घेतलेला एकेक जॉब असतो. मीटिंगमध्ये मात्र बोलायची वेळ आली आणि इंग्रजी अडले, तर "सर, मी मराठीत सांगितले तर चालेल का?" असे सरळ विचारावे. आमच्या बैठकांत हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि ते ऐकून कोणी हसल्याचे मला आठवत नाही. अडखळत बोललेल्या इंग्रजीतून निम्मी माहिती हरवण्यापेक्षा मराठीत पूर्ण माहिती मिळालेली प्रत्येक व्यवस्थापकाला हवी असते.

रोज संध्याकाळी चार-पाच ओळींचा अहवाल लिहिण्याची सवयही मी लावते. आज काय केले, काय मोजले किंवा तपासले, काय वेगळे आढळले, कोणता प्रश्न उरला आणि उद्या काय करायचे आहे, एवढेच. सुरुवातीला तो मराठीत लिहिला तरी चालतो. काही दिवसांनी तो ईमेलने पाठवायला सांगते, म्हणजे आपोआप त्यातली वाक्ये इंग्रजीकडे वळू लागतात. "काय वेगळे आढळले" हा रकाना सुरुवातीला रिकामा असतो. तो भरू लागला की मुलाची नजर तयार होऊ लागली असे मी समजते.

इथपर्यंत मी इंटर्नने काय करावे ते लिहिले. पण आत्मविश्वासाचा सगळा भार वीस वर्षांच्या मुलांवर टाकणे मला मान्य नाही. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतील ५१ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गटांत चूक सांगितली, शंका विचारली किंवा मदत मागितली तर अपमान होणार नाही अशी खात्री सदस्यांना होती, त्या गटांत शिकण्याचे वर्तन अधिक दिसून आले आणि त्याचा संबंध कामाच्या दर्जाशीही जोडता आला. अशी खात्री इंटर्न स्वतःच्या घरून आणू शकत नाही, ती तिथल्या वरिष्ठांनीच द्यायची असते. पहिल्याच प्रश्नाला "हे पण माहीत नाही? कॉलेजमध्ये काय शिकलात?" असे उत्तर मिळालेला मुलगा पुढचे दोन महिने प्रश्न विचारत नाही आणि मग तोच वरिष्ठ "आजकालच्या मुलांना जिज्ञासाच नाही" अशी तक्रार करतो. हे मी एकापेक्षा अधिक ठिकाणी घडताना पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचा राग आला आहे.

काही ठिकाणी याहून वाईट अवस्था असते. इंटर्नला एक खुर्ची दिली जाते, झेरॉक्स काढायला आणि जुन्या नोंदी संगणकात भरायला सांगितले जाते आणि शेवटी प्रमाणपत्र हातात ठेवले जाते. अशा जागी अडकलात तर गप्प बसू नका. ज्या नोंदी भरायला दिल्या आहेत त्यांतूनच काही शोधता येते. गेल्या सहा महिन्यांचे रिजेक्शनचे आकडे भरत असाल, तर कोणता दोष सर्वाधिक वेळा आला आणि कोणत्या पाळीत आला याचा एक पानी तक्ता करा आणि तो वरिष्ठांना दाखवून, "हा दोष लाइनवर प्रत्यक्ष पाहता येईल का?" असे विचारा. काम मागताना हातात काहीतरी केलेले असले की नकार मिळण्याची शक्यता कमी होते, आणि नकार मिळाला तरी तो तक्ता तुमचाच राहतो.

आपले स्थान काय आहे, हे ठाऊक असण्यानेही मन स्थिर होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली करार करून आलेली व्यक्ती प्रशिक्षणार्थी असते, कामगार नसते, असे त्या कायद्याचे कलम १८ स्पष्ट सांगते. म्हणजे एखादे काम न येणे आणि ते शिकणे हाच तिचा अधिकृत दर्जा आहे. त्याच वेळी आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांविषयीच्या कायदेशीर तरतुदी कारखान्यातील शिकाऊ उमेदवारांनाही लागू होतात. कॉलेजच्या श्रेयांकांसाठी इंटर्नशिपला येणारे विद्यार्थी या कायद्याखाली येतातच असे नाही. त्यामुळे आपण नेमके कोणत्या पत्रावर आलो आहोत, मार्गदर्शक म्हणून कोणाचे नाव आहे आणि अपघात विम्याची सोय काय आहे, हे पहिल्याच दिवशी शांतपणे विचारून घ्यावे. मुलींसाठी आणखी एक गोष्ट : कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कर्मचारी या संज्ञेत प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार यांचाही समावेश आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्या सदस्यांची नावे फलकावर कुठे लावली आहेत ते बघून ठेवावे. "आपण काय दोन महिन्यांसाठी आलेल्या," असे म्हणून सहन करण्याचे काहीच कारण नाही.

घरचे लोक विद्यावेतनाविषयी विचारतात आणि मुले खाली बघतात, हेही मला माहीत आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये दरमहा ठरवले गेले. त्याच वर्षी केंद्राने जाहीर केलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या पहिल्या टप्प्यात महिन्याला ५ हजार रुपये होते. या रकमा फार मोठ्या नाहीत, आणि महाविद्यालयीन इंटर्नशिपमध्ये तर काही वेळा तेवढेही मिळत नाही. बसभाडे आणि डबा घरूनच येतो. रकमेवरून आपली किंमत ठरवू नये, असा उपदेश करणे सोपे आहे. पण ज्या घरात त्या पैशांची गरज असते तिथे तो उपदेश पोकळ वाटतो. म्हणून मी मुलांना एवढेच सुचवते की एखाद्या रविवारी वही घरी नेऊन आई-वडिलांना दाखवा. माझ्या वडिलांनी कांद्याच्या बाजारभावाखेरीज दुसरा आकडा कधी लिहिला नव्हता, पण मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे समजावून सांगितल्यावर त्यांनी माझ्या वहीतले आकडे किती लक्षपूर्वक पाहिले, ते मला अजून आठवते.

इंटर्नशिप संपत आली की अहवाल लिहिण्याची घाई होते आणि बहुतेक अहवालांत कंपनीचा इतिहास, उत्पादनांची यादी आणि कुठून तरी उतरवलेली व्याख्या यांनीच पाने भरतात. माझी विनंती अशी की त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात : मी स्वतः काय केले, मी इतरांना काय करताना पाहिले आणि मला काय केवळ सांगण्यात आले. पहिला भाग लहान असेल तर लहानच ठेवावा, फुगवू नये. पुढे नोकरीच्या मुलाखतीत, "तू स्वतः काय केलेस?" हा प्रश्न येतोच. आमच्याकडे मुलाखती घेताना मीही तोच विचारते. "मी क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये होतो" या उत्तरानंतर दोन प्रश्नांत मुलगा गडबडतो. "मी एका शाफ्टचा व्यास मोजत होतो, माझ्या मापात सुरुवातीला इतका फरक यायचा आणि शेवटी इतका," असे सांगणाऱ्याला पुढे कितीही विचारले तरी तो घाबरत नाही, आणि जिथे त्याला ठाऊक नसते तिथे "हे मी केलेले नाही, पण होताना पाहिले आहे," असे तो न अडखळता सांगतो.

प्रमाणपत्राच्या बाबतीतही हेच धोरण ठेवावे. "समाधानकारक काम केले" हे वाक्य प्रत्येक प्रमाणपत्रावर असते. शेवटच्या आठवड्यातच, शेवटच्या दिवसाची वाट न पाहता, मार्गदर्शकांना भेटून आपण प्रत्यक्ष केलेल्या कामाची एक ओळ त्यात घालण्याची विनंती करावी आणि ती ओळ स्वतः लिहून न्यावी, म्हणजे त्यांनाही सोपे जाते. वहीची शेवटची पाने त्यांना दाखवून त्यावर स्वाक्षरी घेता आली, तर तीही घ्यावी.

ज्यांची इंटर्नशिप येत्या हंगामात सुरू होणार आहे, त्यांनी लहान आकाराची, खिशात मावणारी, चौकटींच्या कागदाची वही आधीच घेऊन ठेवावी. लाइनवर अनेक ठिकाणी मोबाइल नेऊ देत नाहीत, आणि ज्या गोष्टी संध्याकाळी आठवून लिहू असे वाटते, त्यातल्या निम्म्या गेटबाहेर पडेपर्यंत विसरलेल्या असतात.